टिळकवाडीतून ऑस्ट्रेलिया: सहल आखून देणाऱ्या बाईंचा कागद

आधी निकाल सांगून टाकतो: पाचपैकी चार. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर हे ऑफिस आहे. दोन टेबलं, भिंतभर नकाशे, कॉम्प्युटरवर एक मुलगी आणि बाई. या बाई तिकीट काढून देत नाहीत, हॉटेल बुक करत नाहीत, ग्रुप घेऊन जात नाहीत. तुमची सहल आखून देतात आणि त्या आखणीचे पैसे घेतात. नाव लिहू नका असं त्यांनीच बजावलंय, आहे तेवढं काम उरकत नाही म्हणाल्या. गेटापाशी कुणालाही विचारा, माडी दाखवतील.

आमच्या तिघांच्या ऑस्ट्रेलियाच्या सहलीचे त्यांनी साडेसात हजार घेतले. "नुसत्या कागदाचे साडेसात हजार? आणि तिकीट आपणच काढायचं?" असं माझा धाकटा भाऊ म्हणाला. बेळगावात बहुतेकांचं हेच म्हणणं पडेल. सल्ला फुकट मिळतो, तोही न मागता, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

आमची अडचण तारखांची होती, आणि ती सीमाभागातल्या पुष्कळ मराठी घरांची असते. बायको मराठी शाळेत शिकवते, पण शाळा कर्नाटकात, त्यामुळे सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला. पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्यांच्या तारखा दिवाळीला बांधलेल्या. त्यांची गाडी सुटते तेव्हा हिची शाळा भरलेली असते. माझं उद्यमबागेत मशीन शॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करतो. खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय मी हलत नाही आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचला मी नसलो तर पुढची ऑर्डर हलते. म्हणजे 2024 च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, हिच्या उरलेल्या सुट्टीला थोडी रजा जोडायची आणि पंधरवड्याच्या आसपास परत यायचं. मधल्या वेळात एक अख्खा खंड.

यादी मात्र खंडाला शोभेल अशीच होती. मेलबर्नला माझा भाचा असतो. तो फोनवर म्हणाला, "मामा, एवढ्या लांब येताय तर सगळंच बघून जा की." लेकीने रील बघून गोल्ड कोस्ट घातलं, ओळखीच्या एकाने पर्थ घातलं, टास्मानिया कुणी घातलं ते आता कुणी कबूल करत नाही. सिडनी, मेलबर्न, केर्न्स आणि उलुरू होतंच.

बाईंनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. तीन प्रश्न विचारले. झोपायला रात्री किती मिळतात? पहाटे चारला उठून तोंड न फुगवणारं घरात कोण आहे? आणि कुठली एक जागा राहिली तर परत आल्यावर भांडण होईल? मग टेबलाच्या खणातून ट्रेसिंग पेपरवर काढलेला भारत काढला आणि त्याच मापाच्या ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ठेवला. आपला अख्खा देश आत बसला आणि भोवती उरलंच. भारत सुमारे 32.9 लाख चौरस किलोमीटर, ऑस्ट्रेलिया 76.9 लाख. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आतबाहेर. म्हणजे मधे मोकळं रान आणि विमानाशिवाय गती नाही. कागद सरकवत सरकवत त्यांनी बंगळूर सिडनीवर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "आता पर्थ बघा. सिडनीहून विमानात पाच तास. दादा, तुम्ही देश बघायला चाललाय का विमानतळ?" बाई निपाणीच्या, बोलणं तिकडचं, आडपडदा नाही.

त्यांचा हिशेब मला लगेच पटला, कारण तो माझ्याच धंद्यातला आहे. मुक्काम बदलणं म्हणजे लेथवर जॉब बदलणं. कटिंग पाच मिनिटांचं, सेटिंगला तास जातो. सिडनी-मेलबर्न विमान दीड तासाचं, पण सकाळी दहाला खोली सोडा, बॅगा घेऊन विमानतळ गाठा, दोन तास बसा, उतरल्यावर बॅगेची वाट बघा, गावात जा, आणि तिथली खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. अर्धा दिवस गेला. सात जागा म्हणजे सहा बदल, म्हणजे तीन दिवस निव्वळ सेटिंगमध्ये. शिवाय जाण्यायेण्याचे दिवस वेगळे. हा हिशेब त्यांनी आमच्यासमोर पेन्सिलीने मांडला आणि मग लाल पेन घेतलं.

पर्थ गेलं. टास्मानिया गेलं. गोल्ड कोस्टवर लेकीने हुज्जत घातली. बाई म्हणाल्या, समुद्रकिनारा आणि उंच इमारतीच बघायच्या तर सिडनीत दोन्ही आहे, लोकल फेरीबोटीच्या तिकिटात. उलुरूवरही लाल रेघ येणार होती, कारण वाळवंटाच्या मधोमध एका खडकासाठी दोन विमानं लागतात. तिथे आमची शिक्षिका उभी राहिली. "वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलाय मी तो. तो राहिला तर भांडण होईल." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून बाईंनी रेघ ओढली नाही. "मग खर्चाला रडायचं नाही," एवढंच म्हणाल्या. उरलं केर्न्स, सिडनी, उलुरू, मेलबर्न.

खरी करामत क्रमात होती. आम्ही गृहीत धरलं होतं की सिडनीला उतरायचं, सगळीकडे फिरायचं, सिडनीहून परत. बाईंनी बंगळूरहून सिंगापूरमार्गे थेट केर्न्सला उतरवलं आणि परतीचं तिकीट मेलबर्नहून लावलं, दोन्ही एकाच पीएनआरवर. एजंट लोक याला ओपन जॉ म्हणतात. वेगवेगळी दोन तिकिटं काढण्यापेक्षा हे एक तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, आणि मधलं विमान चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते. नकाशावर आमची रेघ उत्तरेत सुरू होऊन दक्षिणेत संपली, एकही रस्ता दोनदा नाही.

केर्न्स आधी घेण्याचं कारण तारखांतही होतं. तिकडच्या समुद्रात नोव्हेंबर ते मे डंख मारणाऱ्या जेलीफिशचा मोसम असतो, त्यातल्या काही जाती जीवघेण्या. आपला दसरा त्याच्या आधी येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सिडनीकडेही सुट्टी आणि केर्न्सच्या क्वीन्सलंड राज्यातही, त्याच सुमारास तिकडच्या शाळांच्या वसंताच्या सुट्ट्या. खोल्यांचे दर तेव्हा चढलेले असतात. आम्ही पोचलो तेव्हा ती गर्दी ओसरली होती. दिवाळीच्या टूरवाल्यांना जे जमत नाही ते आमच्या कर्नाटकी वेळापत्रकाने जमवलं. शाळेच्या सुट्ट्यांवरून इतकी वर्षं कुरकुर करणाऱ्या माझ्या बायकोला हे ऐकून काय बोलावं सुचेना.

बंगळूरपर्यंत सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, संध्याकाळचं विमान घ्यावं असं मला वाटत होतं. बाईंनी राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस लिहिली. आदल्या रात्री बेळगावात गाडीत झोपायचं, सकाळी बंगळुरात उतरायचं, दिवसभर नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण, रात्री विमान. सांबऱ्याचं तिकीट वेगळं, त्यामुळे ते विमान उशिरा आलं तर पुढची कंपनी तुमची वाट बघत नाही, आणि परतीच्या पावसाचे दिवस. गाडी दोन तास लेट झाली तरी काही बिघडत नाही.

कागद म्हणजे प्रत्यक्षात अकरा पानं, स्पायरल घातलेली. पहिल्याच पानावर घड्याळं. ऑक्टोबरात सिडनी-मेलबर्नचं घड्याळ एक तास पुढे ढकललेलं असतं, क्वीन्सलंड ढकलत नाही आणि उलुरूच्या बाजूला तर अर्ध्या तासाचा फरक आहे, आपल्यासारखाच. त्यामुळे केर्न्सहून सिडनीला येताना एक तास बुडतो, सिडनीहून उलुरूला जाताना दीड तास मिळतो आणि मेलबर्नला येताना तो परत द्यावा लागतो. प्रत्येक विमानापुढे बाईंनी तिथली वेळ आणि बेळगावची वेळ अशा दोन्ही लिहिल्या होत्या. मला फोरमनला फोन कधी करायचा ते बघायला तेच पान लागायचं.

दुसरं पान खाण्याच्या सामानाचं, आणि ते मी प्रत्येक बेळगावकराला वाचून दाखवीन. मेलबर्नचा भाचा कुंद्यासाठी जीव टाकतो. पानावर ठळक लिहिलेलं: कुंदा नाही, पेढा नाही, दुधाचं काहीही नाही. जनावरांच्या रोगांच्या भीतीने ऑस्ट्रेलिया आपल्याकडची दुधाची मिठाई आत येऊ देत नाही. बाकी जे खायचं न्याल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर "होय" करून जाहीर करा, लपवाल तर जबर दंड. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं, दोन्ही कार्डावर लिहिलं. केर्न्सला एका अधिकारी बाईंनी चटणीची पिशवी उघडली, नाकाजवळ नेली, भुवया उंचावल्या, परत बांधली आणि आमच्या हातात दिली. आमच्या मागच्या कुटुंबाच्या बॅगेतून मात्र मिठाईचे डबे निघत होते आणि निघतच होते.

केर्न्स गावाला पोहण्याजोगा किनारा नाही, पुढे चिखलाची खाजण आहे, हे लेकीला आधीच माहीत असल्यामुळे तिचा विरस झाला नाही. किनाऱ्यालगत पालिकेचा मोठा फुकट तलाव आहे, पहिली दुपार तिथे गेली. बाईंनी तो दिवस मोकळाच ठेवला होता. रीफची, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या पट्ट्याकडे जाणारी, बोट दुसऱ्या दिवशी, आणि त्यापुढचा दिवस राखीव, वारा असला तर बोट पुढे ढकलता यावी म्हणून. ग्रेट बॅरिअर रीफ 2,300 किलोमीटरहून लांब आहे, त्यातला तुम्ही एक ठिपका बघता. बाहेरच्या रीफला दीड-दोन तास लागतात आणि बोट चांगलीच हलते. "उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळल्यावर नव्हे" असं कागदावर होतं. तिघांनीही निमूटपणे घेतली. पाण्यात तोंड घातल्यावर काय दिसतं ते लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत, बायकोकडे आहेत, तिने वर्गात दोन तास घेतले.

राखीव दिवस वापरावा लागला नाही, म्हणून कागदावरचा पर्याय केला: कुरांडाची डोंगरी रेल्वे. इथे माझं आणि बाईंचं जमत नाही. रेल्वे 1891 ची आहे, बोगदे पंधरा, धबधबेही, सगळं नीट राखलेलं. पण पावसाळ्यात कॅसलरॉकहून कुळ्याकडे घाट उतरलेल्या आणि गाडीच्या खिडकीतून दूधसागरचे तुषार अंगावर घेतलेल्या माणसाला पैसे मोजून ते बघायला कशाला पाठवायचं? गिऱ्हाईक बेळगावचं आहे एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं होतं. परतीचा केबलकारचा भाग मात्र छान, जंगलाच्या डोक्यावरून साडेसात किलोमीटर.

सिडनीबद्दल फार सांगत नाही, ते सगळे सांगतात. आपलं टॅप होणारं बँक कार्डच गाडीला, बसला, फेरीला चालतं, वेगळं कार्ड काढायला नको. मॅनलीची फेरी साध्या भाड्यात अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस आणि 1932 चा पूल दोन्ही दाखवते, त्यामुळे महागड्या क्रूझची गरज नाही. पण ब्लू माउंटन्स बाईंनी शनिवारी घातलं होतं. शनिवार-रविवारी त्या मार्गावर रुळांची कामं निघतात, निम्मा रस्ता बदली बसने काटावा लागला आणि वर पोचलो तर अर्धं सिडनी आमच्या आधी येऊन बसलेलं. शुक्रवारी ऑपेरा हाऊस ठेवलं होतं, ते शनिवारी चाललं असतं. पूर्ण गुण न देण्याचं मुख्य कारण हेच. परत आल्यावर मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, सबब सांगितली नाही.

उलुरू. भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रावरून वाटतं ॲलिस स्प्रिंग्जला उतरलं की समोर खडक. प्रत्यक्षात ॲलिस स्प्रिंग्ज तिथून साडेचारशे किलोमीटर, जवळजवळ बेळगाव-बंगळूर अंतराएवढं. खडकाजवळ वेगळा विमानतळ आहे, सिडनीहून थेट विमान मिळतं, साडेतीन तास. राहायला युलारा ही एकच वसाहत, त्यामुळे दर ते म्हणतील ते. खर्चाला रडायचं नाही हे आठवून मी गप्प राहिलो. स्वयंपाकघराची खोली घ्या, वसाहतीत एक किराणा सुपरमार्केट आहे, असं कागदावर होतं, त्यामुळे खिचडी-चटणीवर भागलं.

आणि माश्या! याबद्दल एकाही रीलमध्ये काही नव्हतं. तोंड उघडलं की आत, चष्म्याच्या आत, नाकात. चावत नाहीत, फक्त सोडत नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "टोपीवर घालायची जाळी केर्न्सला घ्या, तिथे महाग." पहिल्या सकाळी माझ्या बायकोने जाळी घालायला नकार दिला, फोटो बिघडतो म्हणून. पंधरा मिनिटांत घातली. आता उलुरूसमोरच्या आमच्या सगळ्या फोटोंत तीन मधपाळ उभे आहेत.

खडक 348 मीटर उंच, भोवती चालत गेलं तर दहा किलोमीटरच्या आसपास. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून पहाटे निघालो, दुसरा प्रश्न का विचारला होता ते तेव्हा कळलं. वर चढता येत नाही. ती जागा तिथल्या मूळच्या अनंगू लोकांची, 26 ऑक्टोबर 1985 ला जमीन त्यांच्या नावे परत झाली आणि 2019 मध्ये त्याच तारखेला चढाई कायमची बंद झाली. जुन्या चढाईची घासून पांढुरकी झालेली वाट खडकावर अजून दिसते. बायको तिथे बराच वेळ थांबली. पायथ्याला काही जागी फोटो काढू नये अशा पाट्या आहेत, आणि सगळे पाळत होते.

उलुरूहून मेलबर्नचं विमान एका कंपनीने तीन तास पुढे ढकललं, मेसेज आदल्या रात्री आला. एरवी माझं डोकं फिरलं असतं. पण त्या दिवशी मेलबर्नमध्ये काहीच ठेवलेलं नव्हतं, भाच्याकडे जेवण तेवढं. बाईंचा नियम: विमानाच्या दिवशी तिकीट लागणारी कुठलीही गोष्ट नाही.

मेलबर्नमध्ये मधल्या भागातली ट्राम फुकट आहे आणि हवा एका दिवसात चारदा पालटते, बाकी भाच्याने दाखवलं. ग्रेट ओशन रोडवर मात्र भाच्याचं आणि बाईंचं जुंपलं असतं. तो म्हणत होता एका दिवसात जाऊन येऊ, सगळे येतात. बाईंनी मधे एक रात्र लिहिली होती. हा रस्ता 243 किलोमीटरचा, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये खणलेला, वळणावळणांचा. एका दिवसाचे लोक दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ट्वेल्व्ह अपॉसल्सपाशी, म्हणजे समुद्रात उभ्या दगडी खांबांपाशी, पोचतात आणि बस सुटते म्हणून पळतात. आम्ही जवळच पोर्ट कॅम्बेलला राहिलो. सूर्य साडेसातच्या पुढे मावळला, खांब पिवळ्याचे तांबडे झाले, आणि बसा म्हणणारं नाही, उठा म्हणणारं नाही. नावात बारा असले तरी खांब कधीच बारा नव्हते, 2005 मध्ये त्यातला एक कोसळलाही. सकाळी कोलॅकमार्गे आतल्या सरळ रस्त्याने तीन तासांत परत. गाडी मी चालवली. डावी बाजू आपल्यासारखीच, इंग्रजीत छापलेलं लायसन्स चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घेतलं होतं.

व्हिसाचं थोडक्यात. 600 क्रमांकाचा व्हिजिटर व्हिसा, अर्ज ऑनलाइन. बाई भरून देत नाहीत, यादी देतात. आपल्याकडची खोच म्हणजे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि 2014 नंतरच्या कागदांवर बेळगावी, म्हणून दोन्ही एकच अशा खुलाशाचं पत्र त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं, आपण नाव घालायचं. मोठ्या शहरातल्या एजंटाला हे सुचेल असं वाटत नाही.

बाकी बारीक तक्रारी. बाई लिहून उत्तर देत नाहीत, व्हॉईस मेसेज पाठवतात, तोही लांबलचक, मागे कुकरच्या शिट्ट्या. मशीनच्या आवाजात ते ऐकायचं म्हणजे शिक्षाच. खरेदीला कागदात जागाच नसते. खाण्याच्या जागा सुचवलेल्या आहेत त्या जुन्या, सिडनीच्या हॅरिस पार्कात आम्ही त्यांनी न लिहिलेल्या ठिकाणी जास्त चांगलं जेवलो.

ज्यांना सगळं कुणीतरी हाताला धरून करून हवं आहे, बॅग उचलणारा, पोळी-भाजी देणारा, त्यांनी टूर कंपनीकडेच जावं. इथे तिकिटं, हॉटेल, कार्डाचा ओटीपी, सगळं तुम्हीच करायचं. लेक होती म्हणून आमचं सुरळीत झालं.

जाणार असाल तर रजेच्या तारखा पक्क्या करून जा, "साधारण मे महिना" असं म्हटलं की बाई परत पाठवतात. घरातली निर्णय घेणारी सगळी माणसं सोबत न्या. मे महिन्याची कामं त्या फेब्रुवारीनंतर घेत नाहीत. फी निम्मी आधी, निम्मी कागद हातात आल्यावर. अकराच्या आधी फोन उचलत नाहीत, आणि शनिवारी बंद.